तेवीस अक्षरं आणि एक शून्य

महामंडळाच्या सेवापुस्तकात त्यांचं वर्णन असं आहे: लांजेवार, शालिकराम. पद कनिष्ठ संगणक आज्ञावलीकार, प्रभारी. वय त्रेपन्न. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. विशेष प्रावीण्य, 'सी' या भाषेत अक्षरमाला हाताळणे. वर्तणूक समाधानकारक. उक्त कर्मचाऱ्याच्या सेवेची संगणक विभागास नितांत आवश्यकता आहे.

संगणक विभाग म्हणजे सदर भागातल्या कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक संगणक आणि स्वतः शालिकराम. यंत्राला नागपूरचा उन्हाळा सोसत नाही म्हणून खोलीला एसी होता. माणसांना सोसतो असं धरलेलं होतं. त्यामुळे एप्रिल लागला की अर्धं कार्यालय चपला दाराशी काढून, हातात एखादी फाईल घेऊन, इथं काम आहे असा चेहरा करून भिंतीला टेकून बसायचं.

शालिकराम सव्वीस वर्षं टंकलेखक होते. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची. त्याआधी दोन वर्षं यंत्र आलं, तेव्हा सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं यावर बैठक झाली. बाकीच्यांची प्रकृती त्याच आठवड्यात बिघडली. शालिकराम गेले, आणि येताना 'सी' घेऊन आले.

या भाषेला शब्द कळत नाही. तिला एकामागून एक अक्षरं कळतात आणि शेवटी एक शून्य. शून्य आलं की शब्द संपला. त्याच्या पलीकडे काय पडलंय ते कोणी बघत नाही. अक्षरं मोजायला एक फंक्शन, दोन शब्द ताडून बघायला दुसरं, आणि इकडची अक्षरं तिकडे उतरवायला तिसरं, स्ट्रकॉपी. हे तिसरं फार आज्ञाधारक. शून्य दिसेपर्यंत ओतत राहतं, खालचं भांडं केवढं आहे हे विचारत नाही. शालिकरामांना ते पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. सव्वीस वर्षं त्यांनी तसंच टंकलेखन केलं होतं.

अठ्ठ्याऐंशीत बदल्यांची यादी यंत्रावर करायची ठरलं, म्हणजे वशिल्याचं नाव नको. प्रत्येक माणसाचं नाव, आणि लगेच त्याला खेटून त्याचं सध्याचं ठिकाण. नावाला किती घरं ठेवायची? शालिकरामांनी ज्येष्ठता यादीतलं सगळ्यात लांब नाव शोधलं. ते निघालं चहा आणून देणाऱ्या शिपायाचं: देवाजी आनंदराव कापगते. इंग्रजीत, मधल्या मोकळ्या जागा धरून, तेवीस अक्षरं. वर एक शून्य. चोवीस घरं. मोजून ओतणारं फंक्शनही पुस्तकात होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही. नोकरीत माणसाचं वय वाढतं, नाव कशाला वाढेल?

यादी निघाली, साहेबांची सही झाली. तिसऱ्या दिवशी देवाजी चहा घेऊन आला. दुसऱ्या हातात कागद होता.

"भाऊ, हे वाचून सांगा बरं. बाबू लोक हासून राहिले, सांगत कोणी नाही."

शालिकरामांनी वाचलं. देवाजी कापगते, शिपाई, सिरोंचा.

"सिरोंचा म्हंजे तो गडचिरोलीच्या पार टोकाचा?" देवाजीनं विचारलं.

"तोच."

"रिटायरले दोन वर्सं राहिले जी माहे." देवाजीनं कप टेबलावर ठेवला. "माही बायको अंजनाबाई, तिले दर मंगळवारी मेडिकलच्या दवाखान्यात नेतो मी. तिले डोळ्यानं दिसत नाही. तिकडून कसा येऊ? तुमच्या मशीननं मलेच काहून धरलं गा? मी तर मशीनच्या खोलीत झाडूबी हळूच मारतो."

शालिकरामांनी यादी काढली. देवाजीचं नाव पूर्ण, सुबक छापलेलं होतं. ठिकाणाच्या रकान्यात मात्र नागपूरऐवजी नुसता एक 'ई'. सही करणाऱ्यांना तो काहीतरी सांकेतिक शब्द वाटला असावा. आणि ज्याचं ठिकाण कोणत्याच कार्यालयाशी जुळत नाही त्याला रिकाम्या जागी पाठवावं, हा नियम साहेबांनीच सांगितला होता. रिकामी जागा एकच होती.

यंत्रात नाव ज्यावरून भरलं होतं तो देवाजीचा मूळ फॉर्म त्यांनी मागवला. तिथं लिहिलं होतं, देवाजी आनंदरावजी कापगते.

फॉर्म भरणारे आस्थापना लिपिक मनोहरराव भिंतीला टेकून थंड हवा खात बसले होते.

"हा 'जी' कुठून आला, मनोहरराव?"

"आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या बापाचं नाव नागडं लिहू का मी? सगळ्या म्हाताऱ्यांच्या बापाले लावला आहे. बाकीच्यांचं काही बिघडलं नाही."

"बाकीच्यांची नावं आखूड आहेत."

"मंग तुमच्या मशीनले संस्कार नाही, त्याले मी काय करू?"

दोन अक्षरं वाढली होती. शेवटचा 'ई' शेजारच्या घरात सांडला, त्याच्यामागून शून्य येऊन बसलं, आणि उरलेलं नागपूर त्या शून्याच्या पलीकडे तसंच पडून राहिलं. आदर ठेवायला जागा केली नव्हती, एवढीच चूक. ती शालिकरामांची होती.

ते साहेबांकडे गेले. ओमप्रकाश तिवारी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"लांजेवारजी, कम्प्यूटर से गलती नहीं होती, ये मीटिंग में किसने बोला था?"

"मीच, साहेब."

"फिर? हेड ऑफिस को जगह भरी हुई दिखा दी है। यहाँ से एक आदमी तो जाएगा।" साहेबांनी पेन पुढे केलं. "गलती किसकी, लिख के दो। नहीं तो जाने दो, प्यून ही तो है।"

शालिकराम खोलीत परतले. अर्ज न लिहिण्याची कारणं त्यांनी मोजून पाहिली. ती पुष्कळ होती आणि सगळी बरोबर होती. एवढं सगळं वागवत बसायचा त्यांना कंटाळा आला. जुन्या टाइपरायटरवर त्यांनी चार ओळी काढल्या: चूक यंत्राची नसून निम्नस्वाक्षरीकाराची आहे. मग चोवीसच्या जागी चौसष्ट लिहून यंत्र बंद केलं.

सोमवारी देवाजीचा आदेश रद्द झाला. मंगळवारी तो अंजनाबाईला घेऊन मेडिकलला गेला, म्हणून दुसरा आदेश शालिकरामांना चहाशिवायच वाचावा लागला. त्यात म्हटलं होतं की श्री. लांजेवार, कनिष्ठ संगणक आज्ञावलीकार, यांचे विशेष प्रावीण्य विचारात घेऊन त्यांना त्याच पदावर, प्रशासकीय निकडीस्तव, सिरोंचा येथे पाठवण्यात येत आहे.

सिरोंच्याच्या कार्यालयात संगणक नव्हता.