माझा पासपोर्ट माझ्या खिशात

युरोपातला कुठलाही किल्ला दाखवा, मी आधी त्याची चोरदिंडी शोधणार. आपल्या गडांना ती असतेच. वेळ आली तर राजाला निसटायला वाट नको? तिकडचे गाईड मात्र मोठा दरवाजा दाखवतात आणि पुढे चला म्हणतात. लपवतात, दुसरं काय!

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इराकची लढाई संपल्यावर कुवेतला आलो आणि वफ्राच्या मळ्यांतली काकडी-टोमॅटो ट्रकनं बाजारात पोचवत राहिलो. त्या कमाईवर मुलगा इंजिनिअर झाला, इथंच तेलकंपनीत लागला, आणि ट्रक सोडल्यावर मी त्याच्या रुमैथियातल्या घरी राहायला गेलो. उन्हाळ्यात बाकीची मराठी मंडळी गावी जायची, आम्ही युरोपात. नाद मुलाचा नव्हे, माझा आणि नातीचा. ती सनावळ्या वाचायची, मी तटाभोवती फिरायचो. दिंडी सापडली तर आईस्क्रीम तिच्याकडून, नाही सापडली तर माझ्याकडून.

जर्मनीत नदीकाठच्या एका किल्ल्यात मला ती सापडली. कोपऱ्यात, वाकून जावं लागेल एवढी. आडवा दोर उचलून आत शिरलो, तर झाडू, बादल्या आणि डबा खात बसलेली एक बाई. ती अशी किंचाळली की पहारेकरी धावत आला. मी त्याला मराठीतच दरडावलं, "मग खरी कुठंय ते सांग." नात हसून हसून खाली बसली. मुलगा हसला नाही.

"अण्णा, पुन्हा असं केलंत तर गावी पाठवीन. कायमचं."

"पाठव की," मी म्हणालो. पण ते 'कायमचं' डोक्यात रुतून बसलं. गावी आता कोण होतं माझं? आणि नातीबरोबर किल्ले कोण बघणार?

पुढच्या वर्षी उन्हाळा जवळ आला तशी मुलगा आणि सूनबाई दार लावून बोलायला लागली. मी गेलो की गप्प. मग एके दिवशी मुलगा सहज म्हणाला, "अण्णा, पासपोर्ट द्या जरा. व्हिसा काढायचाय."

"कुठल्या देशाचा?"

"ते नाही सांगत. पोरीला वाढदिवसाला सांगायचंय, आणि तुमच्या पोटात काही राहत नाही."

मी ओळखलं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द करायलाही पासपोर्टच लागतो.

ट्रकच्या दिवसांत माझा पासपोर्ट मालकाच्या, कफीलच्या कुलपात असायचा. माझी आई गेली तेव्हा मागितला, तर 'बुकरा' म्हणाला. उद्या. त्याचं उद्या उद्या होईपर्यंत तिकडे तेरावा उरकला. नोकरी सुटल्यावर पासपोर्ट हाती आला, तेव्हा बनियनला आतून खिसा शिवून घेतला. तेव्हापासून तो माझ्या अंगावर. दर उन्हाळ्यात व्हिसापुरता द्यायचो, या वेळी मात्र नाही म्हणालो.

"मी कफील आहे का तुमचा?" मुलगा चिडला.

"घर तुझं. माझा इकामा तुझ्या नावावर. मग कोण?"

 तो म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस. नाहीतर आम्ही तिघं जातो."

संध्याकाळी नात शेजारी येऊन बसली. "आजोबा, आर यू कमिंग ऑर नॉट?"

"तुला कुणी सांगितलं?"

"डॅड फोनवर केवढ्यांदा बोलतो! स्कॉटलंड. पण त्याला कासलमधलं काही कळत नाही. मग मी कुणाबरोबर बघू?"

सकाळी मी मुलाबरोबर व्हिसाच्या ऑफिसात गेलो. पासपोर्ट मात्र माझ्याच हातात. खिडकीतल्या मुलीनं तो ओढला, मी धरून ठेवला. तिनं परत ओढला.

"अण्णा, सोडा," मुलगा हळूच म्हणाला.

सोडला.

नंतरचे दिवस वाईट गेले. हात सारखा बनियनकडे जायचा. मुलाचा फोन वाजला की मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो. जेवताना त्यानं भाजी जास्त वाढली तरी वाटायचं, का बरं एवढी माया?

एका दुपारी त्यानं बंद पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "घ्या. मी फोडलंही नाही."

मी आधी इकाम्याचं पान काढलं. जसं होतं तसं होतं. मग व्हिसा बघितला.

"झालं समाधान?"

"तारीख नातीकडून वाचून घेतो," मी म्हणालो.