कोनशिला कुणी नेली?

नोकरीत मी खून हाताळले, दरोडे हाताळले. पण माणसं मला हटकून विचारतात ती एका दगडाची गोष्ट. चोरीला गेलेल्या कोनशिलेची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवी मुंबईत माझी नेमणूक होती, तेव्हाची.

शहर तेव्हा खाडीकडे सरकत होतं. खाजणाच्या चिखलावर डोंगर फोडून आणलेला मुरूम पडायचा, वरून रोलर फिरायचा आणि नकाशात आणखी एक सेक्टर उगवायचा. अशाच एका नव्या भरावावर एका बड्या नेत्याच्या हस्ते मोठा समारंभ व्हायचा होता. त्याच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, मांडववाल्याच्या गवंड्यानं खाडीच्या कडेला विटांचा चौथरा बांधून त्यावर संगमरवरी कोनशिला बसवली होती. वर मखमली पडदा. दुसऱ्या दिवशी सकाळी साइटचे इंजिनिअर पाहायला गेले, तर कोनशिला नाही, चौथरा नाही, पडदाही नाही. जमीन मात्र सपाट.

वाशीतल्या एखाद्या दुकानाचं शटर फुटलं, तर आमच्याकडे एक हवालदार जायचा. या दगडासाठी तीन गाड्या निघाल्या. वरून फोन आला तोही असा, की जणू पुढाऱ्यालाच पळवलं आहे. ठाणे अंमलदारानं चोरीचा गुन्हा नोंदवला आणि संशयिताचं नाव सकाळच्या चहाआधीच ठरलं.

तो खाडीकाठच्या एका गावातला पंचविशीतला तरुण. त्याच्या घराची शेती आणि मिठागर या शहरासाठी गेलं होतं. बदल्यात मिळायचा भूखंड मिळेना म्हणून त्यानं पंधरवड्यापूर्वी मोर्चा काढला होता आणि भाषणात म्हणाला होता, ‘ती कोनशिला उचलून खाडीत टाकू.’ टाळ्या भरपूर पडल्या होत्या. आमच्या माणसानं ते वाक्य टिपून घेतलं होतं.

दुपारी खबऱ्याचा निरोप आला, की त्या तरुणाच्या घरी संगमरवराची नवी लादी आली आहे. आम्ही पंच घेऊन गेलो. लादी खरोखर होती, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तिच्यावर नेत्याचं नाव नव्हतं. निवडायला घेतलेली कोथिंबीर होती. पंचनामा करावा लागला. कोथिंबिरीचा उल्लेख मी वगळला.

तरीही पोराला पोलीस ठाण्यात आणलं. ‘अटक दाखवा, दगड मागाहून सापडेल,’ असा वरिष्ठांचा आग्रह होता. चौकशीत कळलं, की त्याला एका कंपनीत नोकरी लागली आहे आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच टेबलावर आहे. त्यावर आठवडाभरात शेरा गेला नाही, तर नोकरी दुसऱ्याला. अटक झाली असती, तर शेरा काय गेला असता हे सांगायला नको.

मी विचारलं, “खाडीत टाकू म्हणालास ना?”

“म्हनालो, साहेब. भाषनात होतं ते. भाषनात सगळेच टाकतात.”

दालनाबाहेर त्याचे वडील बसले होते. त्यांना आत बोलावलं. ते मुलाकडे न बघता म्हणाले, “साहेब, माजा पोरगा बोलतं लय, करत कायच नाय. घरान यक खिला ठोकला नाय त्यानं. चौथरा कुठशी उपटतंय?”

पोरगा खाली बघत म्हणाला, “बाबा, तुमी माजे बाजूनं बोलताय ना?”

मला हसू दाबावं लागलं. पण म्हाताऱ्याच्या बोलण्यात तथ्य होतं. विटांचा चौथरा कुणी खांद्यावर टाकून नेत नाही. फोडला, तर तुकडे राहतात. ओढला, तर चरे राहतात. चिखलाच्या मुलखात चोर आपली पावलं ठेवून जातोच. इथे काहीच नव्हतं. अटकेचा कागद मी बाजूला ठेवला आणि पुन्हा साइटवर गेलो.

भरावाच्या कडेला उभा राहिलो. ओहोटी होती. खाली, पाण्याच्या बाजूला, चिखलाचा एक लांबट उंचवटा वर आलेला दिसला, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्यावरची तिवराची झुडपं एकाच दिशेला कलली होती आणि माती ताजी, काळी होती. हे काय, म्हणून इंजिनिअरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “नैसर्गिक आहे. तुम्ही चोराचं बघा.”

चोराचं बघण्यासाठीच मी मुकादमाला गाठलं. भराव टाकणारी टोळी त्याची; मांडववाल्याशी तिचा संबंध नव्हता. सकाळपासून तिघांनी त्याला चोराबद्दल विचारलं होतं आणि तिघांनाही त्यानं ‘कुणी दिसलं नाही’ असं खरं उत्तर दिलं होतं. मी चोराचं नाव काढलं नाही. आज उजाडल्यावर पहिलं काम काय केलं, एवढंच विचारलं.

“खड्डा भरला, साहेब.”

“कुठला खड्डा?”

“रोजचाच की. माती खाली बसते, आम्ही वर टाकतो. आज जरा मोठा होता, चार-पाच डंपर गेले. मग रोलर फिरवला.”

“आत काय होतं?”

“गढूळ पाणी. दोन-चार विटा दिसल्या. विटा तर कुठंबी असतात.”

मी त्या उंचवट्याकडे पाहिलं, मग पायाखाली. रात्रीच्या ओहोटीला पाण्याचा आधार गेला होता, वर मुरमाचं आणि चौथऱ्याचं ओझं होतं. खालचा चिखल घसरून खाडीत वर आला आणि त्याच्या जागी कोनशिला खाली गेली. रोज दिसतो तसा खड्डा दिसला म्हणून टोळीनं तो रोजच्यासारखा भरला. गवंड्यानं काल तिथे काही बांधलंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खोदायला सांगितल्यावर इंजिनिअरसाहेबांचा आवाज उतरला. “अहो, खोदलं तर परवा खुर्च्या कुठे मांडायच्या?”

“न खोदता मांडल्या, तर त्या कुठे जातील ते आधी सांगा,” मी म्हणालो.

पोकलेन आणलं. बऱ्याच खोलवर चौथरा लागला, तिरका, पण जवळजवळ अखंड. कोनशिलेवर पडदा तसाच होता. नियमाप्रमाणे पंचांसमोर तो बाजूला केला. अनावरणाला आम्ही सातजण होतो आणि टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

समारंभ वाशीतल्या एका सभागृहात हलवला गेला. कारण ‘हवामान’ असं जाहीर झालं. गुन्ह्यात मी क समरी मागितली, म्हणजे फिर्याद खोटी नव्हे, पण गैरसमजातून झालेली.

पुढे कुठल्याही तपासात मी माणसांना गुन्ह्याबद्दल शेवटी विचारू लागलो. गुन्हा म्हटलं, की माणूस आपल्याला काहीच ठाऊक नाही असं ठरवून टाकतो. त्याच्या कामाबद्दल विचारलं, तर सगळं सांगतो आणि आपण काय सांगितलं हे त्यालाही कळत नाही. शिवाय ‘चोरी झाली’ हे फिर्यादीचं मत असतं. आपण ते पहिल्या ओळीत लिहितो आणि मग खालच्या सगळ्या ओळी त्याला जुळवत बसतो.

त्या तरुणाच्या कागदावर मी त्याच संध्याकाळी ‘प्रतिकूल काही नाही’ असा शेरा मारून सही केली. त्या जमिनीबद्दल तसा दाखला माझ्याकडे कुणी मागितला नाही, हे बरं झालं.