माझ्या संघाला क्वार्टरबॅक हवी होती

इचलकरंजीत आम्ही सांच्यांच्या शेडला लागून असलेल्या एका खोलीत राहायचो. सांचा म्हणजे यंत्रमाग. आण्णा, म्हणजे आमचे वडील, सांच्यावर उभे असायचे, एक पाळी संपली की बऱ्याचदा दुसरीही. आई त्याच शेडमध्ये मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. भिंतीपलीकडे खडखडाट इतका की 'मीठ दे' म्हणायलासुद्धा ओरडावं लागायचं. त्या खडखडाटाची कुणाला तक्रार नव्हती. सांचे थांबले की मात्र घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे, कारण शांतता म्हणजे काम नाही आणि काम नाही म्हणजे आमटीत नुसतं पाणी.

दादा माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. पण आईने दोघांना एकदमच शाळेत नेऊन बसवलं, म्हणून आम्ही एकाच वर्गात होतो. दहावीचा निकालही एकाच दिवशी लागला. दादाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. थोडेथोडके नाही, चांगलेच जास्त. त्या संध्याकाळी जेवताना आण्णांनी निकाल दिला.

"थोरला उद्यापास्नं सांच्यावर. बारका कॉलेजला."

आई म्हणाली, "अवो, मार्क थोरल्याला जास्त हायत."

"मार्कानं सांचा चालतोय व्हय? ह्याचे दंड बघ, आन् ह्याचे बघ." आण्णांनी माझा दंड दोन बोटांत धरून आईला दाखवला. "ह्याला पाळीवर उभा केला तर म्हैन्यात आडवा हुईल. घराला एक हात पायजे. हात थोरल्याकडं हाय."

दादाने मान वर केली नाही. आणखी एक भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तो सांच्यावर गेला, मी कॉलेजात. पुढे मी इंजिनीअर झालो. आमच्या खानदानातला पहिला पदवीधर. हे मी मान वर करून सांगतो, कारण निवड आण्णांनी केली असली तरी पेपर मी लिहिले होते.

ऑस्ट्रेलियात स्किल्ड व्हिसावर आलो तेव्हा ऑफिसातल्या एकाने मला अमेरिकन फुटबॉलच्या नादाला लावलं. पुण्यामुंबईचे माझे दोस्त अजून विचारतात, "क्रिकेट सोडून हे काय रे हेल्मेटवाल्यांचं?" मी त्यांना सांगतो, क्रिकेट तुम्ही बघा. मला या खेळातला ड्राफ्ट आवडतो. कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं सगळे संघ आळीपाळीने उचलतात, आणि मागच्या वर्षी ज्याची सगळ्यात जास्त धूळधाण झाली त्याला पहिली पाळी. उचलायचा कोण? हातात आहे त्यातला सगळ्यात गुणी, की आपल्याकडे ज्याची वानवा आहे तो? या एका प्रश्नावर माणसं वर्षभर भांडतात. पहिल्यांदा मी ते भांडण ऐकलं तेव्हा मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरात ते एका जेवणात संपलं होतं.

मी गरजवाला आहे. माझा लाडका संघ गुणवाला, म्हणून तो वर्षानुवर्षं मार खातो. त्यांना क्वार्टरबॅकचं वेड. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक डाव सुरू होतो तो. समोरून माणसं अंगावर धावून येत असताना त्याने जागेवर उभं राहायचं, आपल्या संघातला मोकळा गडी हेरायचा आणि त्याच्याकडे चेंडू फेकायचा. त्याला वाचवायला पुढे पाच धिप्पाड गडी लागतात. आमच्या संघाकडे ते पाच नव्हते, पाच बाजारबुणगे होते. तरी पहिली पाळी आली की घ्या नवा क्वार्टरबॅक. गोरागोमटा, उंच, साठ यार्डांवर चेंडू फेकणारा. दोन हंगामांत त्याच्या फासळ्या खिळखिळ्या आणि नजर घाबरलेल्या कोकरासारखी. मग त्याला काढा आणि दुसरा आणा. मला त्या पोरांची कीव येत नाही. क्वार्टरबॅकचा हात बघणारे मूर्ख असतात. त्याचे पाय बघायचे. माणूस अंगावर आला की पाय मागे सरकतात का, एवढंच बघायचं. सरकले, की तो क्वार्टरबॅक नाही. मग त्याला घरी पाठवा, उगाच गोड बोलू नका.

दोन वर्षांपूर्वी दादा तीन महिने आमच्याकडे, ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला, राहायला आला. ड्राफ्टची अमेरिकेतली रात्र म्हणजे आमची शुक्रवारची सकाळ. मी दरवर्षी त्या दिवशी रजा टाकतो. दादा चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसला. टीव्हीवर पोरांची उंची, वजन, पंजाची रुंदी, धावण्याचा वेग असं सगळं चाललं होतं.

"बैलबाजार हाय काय रं हा?" दादा म्हणाला. "दात बघितलं का?"

"पंजा बघतात. मोठा पंजा असला की चेंडू निसटत नाही."

"आण्णांनी दंड बघितला हुता," दादा म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. "पहिल्या राउंडला बारक्याला उचलला. नग चांगला निघाला का न्हाई, ते अजून ठरायचं हाय."

मी हसलो. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा ड्राफ्ट होता. आमच्या भागात मुलींची फ्लॅग फुटबॉलची छोटी लीग आहे. तोच खेळ, पण पाच-पाच जणींचा आणि पाडापाडी नाही. कमरेला कापडी पट्ट्या लावलेल्या असतात, पट्टी ओढली की डाव थांबतो. क्वार्टरबॅकवर मात्र समोरच्या संघातली एक मुलगी थेट धावून जाऊ शकते. लीगमध्ये चार संघ, चार कोच, त्यातला एक मी. चाचणी झाली की कोच लोक मैदानाकडेच्या बार्बेक्यूच्या टेबलावर बसून आळीपाळीने मुली निवडतात. रीत अशी की कोचची मुलगी आपोआप कोचच्या संघात. पालकांना गाडी एकाच दिशेला न्यावी लागते, म्हणून ही सोय.

माझी मुलगी तेव्हा पंधराची. तिला क्वार्टरबॅक व्हायचं होतं, दुसरं काहीही नाही. वर्षभर तिने गॅरेजच्या दारावर चेंडू फेकून फेकून पोचे पाडले होते. हात चांगला, अगदी चांगला. पण कुणी अंगावर आलं की तिचे पाय मागे सरकायचे, चेंडू छातीशी धरून ती वाट बघत राहायची. चाचणीत तेच झालं. एक दुसरी मुलगी होती, ठेंगणी, फेक जेमतेम, पण खांबासारखी उभी राहणारी.

माझी पाळी आली. मी ठेंगणीचं नाव घेतलं.

लीगचं काम बघणारा गृहस्थ म्हणाला, "तुझी पोरगी आहेच की तुझ्याकडे, मेट. दोन क्वार्टरबॅक काय करणार?"

मी म्हणालो, "माझ्या मुलीला ड्राफ्टमध्ये टाका. माझ्या संघाला क्वार्टरबॅक हवी आहे. माझी मुलगी क्वार्टरबॅक नाही."

मी हे इंग्रजीत म्हणालो, आणि माझ्या आवाजात म्हणालो. सांच्याशेजारी वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. गवतावर बसलेल्या सगळ्या मुलींनी वळून बघितलं. आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे. पुढच्या फेरीत तिला दुसऱ्या कोचने घेतलं. ती उठली, त्याच्या मुलींमध्ये जाऊन बसली, आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली.

घरी जाताना गाडीत दादा पुढे, ती मागे. मग ती म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट पिक्ड हर. यू डिडन्ट हॅव टू से इट."

"काय म्हणाली?" दादाने विचारलं.

"म्हणाली, तिला घ्यायचं तर घ्यायचं, पण बोलायची गरज नव्हती."

"तू काय बोललास?"

मी सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दादा म्हणाला, "आण्णांकडं दोघास्नी शिकवायला न्हवतं, बारक्या. तुला काय कमी पडलं?"

"मला जिंकायचंय."

"बरं," दादा म्हणाला. "मग जिंक."

त्या दिवसापासून मुलीने मला बाबा म्हणणं सोडलं. "कोच, मीठ पास कर." "कोच, आई बोलावतेय." बायको वैतागली. मला राग आला नाही. संघात मी तिचा कोच नव्हतो, तेवढं फक्त चुकीचं होतं.

आणि रोज दुपारी, ती शाळेतून आली की मागच्या अंगणात तमाशा सुरू झाला. बनियन आणि लेंगा घातलेला दादा कुंपणापाशी उभा राहायचा आणि ओरडत थेट तिच्या अंगावर धावत सुटायचा. खेळाचा एकही नियम त्याला माहीत नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं की ही कुणी अंगावर आलं की थिजते.

"टाक की गं! अंडं हाय काय हातात? उबवतीस?"

"काका, वेट, आय वॉजन्ट रेडी!"

"सांच्यावर पट्टा तुटला की कुणी विचारत न्हाई, रेडी हाईस का! परत!"

चेंडू वेळेत सुटला नाही तर तो सरळ तिला धडकायचा. ती गवतावर पडायची. तो हात देऊन उठवायचा नाही. "सरकलीस. मागं सरकलीस. तुझा बाप बरोबर बोलला हुता. घरात जा, बांगड्या भर." ती दात ओठ खाऊन उठायची. एकदा शेजारच्याने कुंपणावरून डोकं काढलं. "एव्हरीथिंग ओके, मेट?" दादाने हात हलवला. "नो वरीज!" हे एवढं इंग्रजी तो चटकन शिकला होता.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो आणि रात्री जेवताना सांगायचो, "अजून डावा पाय सरकतोय."

"नोटेड, कोच."

दादाने कधी माझ्याकडे बघून शाबासकी मागितली नाही. त्याच्या एका कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नाही, सांच्यांनी खाल्ला तो. त्या बाजूला मी बसलो असलो की तो माझ्याकडे वळायचासुद्धा नाही.

फायनलला माझा संघ आणि तिचा संघ समोरासमोर आले. माझ्या मुलींना मी एकच गोष्ट सांगितली होती. त्यांच्या क्वार्टरबॅकवर प्रत्येक डावाला धावून जायचं, आपली सगळ्यात वेगवान मुलगी पाठवायची. ती चेंडू धरून ठेवते. ती मागे सरकते. माझ्या शेजारी उभी असलेली एक आई म्हणाली, "इजन्ट दॅट युअर डॉटर?" मी म्हणालो, "येस. दॅट्स हाऊ आय नो."

पहिल्या अर्ध्यात ते जमलं. तिच्या कमरेची पट्टी माझ्या संघातल्या मुलीने तीन वेळा ओढली. तिसऱ्या वेळी तर माझी लेक चक्क पाठमोरी झाली होती. मी ओरडलो, "सी? शी स्टॉप्स! गो अगेन!" तिने ऐकलं. मैदानातल्या सगळ्यांनी ऐकलं. माझ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पुढे होतो.

दुसऱ्या अर्ध्यात दादा उठून पलीकडच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. डाव सुरू झाला, माझ्या संघातली मुलगी तिच्यावर धावली, आणि पलीकडून आवाज आला.

"आली! टाक!"

माझ्यासारखाच सांच्यांशेजारच्या खोलीत वाढलेला आवाज. मैदानभर घुमला. मराठी समजणारे तिथे तिघेच होते, मी, तो आणि ती. तिने चेंडू सोडला. पाय सरकला नाही. तिच्या संघातली एक मुलगी मोकळी होती, गुण झाले. पुढच्या डावाला पुन्हा "आली! टाक!", पुन्हा वेळेत. मी धावणारी मुलगी बदलली. मग बाजूने पाठवली. तिसऱ्या खेपेला दादाने तोंड उघडलंच नाही. हाताची घडी घालून उभा होता. तिने माझ्या संघातल्या मुलीला अगदी हाताच्या अंतरावर येऊ दिलं, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिच्या डोक्यावरून चेंडू फेकला.

आम्ही सहा गुणांनी हरलो. मुली रांगेने हात मिळवत आल्या. ती माझ्यापाशी आली.

"गुड गेम, कोच."

"डावा पाय ठीक होता," मी म्हणालो.

"आय नो," ती म्हणाली आणि पुढे गेली. माझ्या ठेंगणीला तिने मिठी मारली, मला नाही.

गाडीपाशी दादा आला. घामाघूम झाला होता, न खेळता. "चुकलास, बारक्या."

"चुकलो नाही. त्या दिवशी ती क्वार्टरबॅक नव्हती."

"न्हवती," तो म्हणाला. "मी पण इंजिनीअर न्हवतो. कुणी अंगावर धावून आलंच न्हाई, टाक म्हणायला." आणि मागच्या सीटवर तिच्या शेजारी जाऊन बसला, चांगला कान तिच्या बाजूला करून.

गरज बघून निवडावं हे माझं मत बदललेलं नाही. माझा लाडका संघ अजूनही क्वार्टरबॅकच्या मागे धावतो आणि अजूनही आपटतो. पुढच्या हंगामात रीतीप्रमाणे ती माझ्या संघात यायला हवी होती. तिने लीगला स्वतः सांगितलं, मला ड्राफ्टमध्ये टाका. पहिली पाळी माझी नव्हती. माझ्यापर्यंत ती उरलीच नाही.

लीग तिच्या संघाने सलग दोन वर्षं जिंकली. या वर्षी राज्याच्या ज्युनिअर संघात तिची निवड झाली आहे. क्वार्टरबॅक म्हणून.