मॉडने न वाचलेलं एकच पुस्तक

मॉड परेराबद्दल सांगायचं तर आधी माझी लाज सांगावी लागते. सांगते. नाहीतरी गिरगावातल्या सगळ्या खोताच्या वाडीला ती ठाऊक आहेच.

मॉड माझी शेजारीण. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही, आता दोघी एकाहत्तरच्या. टेलिफोन खात्यातून रिटायर झाली आणि महिन्याभरात तिने 'चौथा रविवार' सुरू केला. दर महिन्याच्या चौथ्या रविवारी संध्याकाळी पाचला तिच्या व्हरांड्यात सगळ्यांनी जमायचं. विषय एक, त्यावर एक गाणं, एक सिनेमा, एक पुस्तक आणि एक खेळ. निवड मॉडची. चारही नावं ती आधीच्या सोमवारी दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिते. नियम एकच, स्वतः शेवटपर्यंत बघितल्या-वाचल्याशिवाय नाव फळ्यावर चढवायचं नाही. क्रिकेट विषय होता तेव्हा तिने सहाशे पानांचं पुस्तक संपवलं होतं, आणि बाईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही!

या खेपेला विषय तिच्या नातीने, मेगनने सुचवला. एआय. मी म्हटलं, "मॉड, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? रिमोट सापडत नाही आपल्याला घरात." पण ती कुठली ऐकायला! कंबर कसून लागली कामाला.

खेळ तिच्या नवऱ्याने, सिडनीने बनवला. दहा काडेपेट्या आणि लाल-निळे मणी, बस. समोर दहा काड्या मांडायच्या, आळीपाळीने एक किंवा दोन उचलायच्या, शेवटची काडी उचलेल तो जिंकला. काडेपेट्यांची पाळी आली की जितक्या काड्या उरल्या त्या नंबरच्या पेटीतून न बघता मणी काढायचा. लाल आला तर एक, निळा आला तर दोन. पेट्या हरल्या की ज्या मण्याने घात केला तो बाहेर. मी पहिले आठ डाव सहज मारले. विसाव्या डावानंतर त्या मेल्या काडेपेट्या मला हरवायला लागल्या! "बघ कौसल्या, शिकल्या," म्हणून सिडनी असा हसला की मी पेट्या उधळून घरी आले.

सिनेमा परळच्या कॉलेजातल्या पोरांनी केलेला, अकरा मिनिटांचा. एका आजोबांचा मोबाइल त्यांच्या वतीने आजीशी भांडतो आणि भांडण जिंकतो, मग आजी मोबाइललाच जेवायला वाढते. गाणं यंत्राने रचलेलं, पण वाजवणार आमच्या वाडीतल्या लग्नांत वाजतो तो ब्रास बँड. राहिलं पुस्तक. मॉडने तीन पुस्तकं वाचली, तिन्ही रटाळ. फळा लिहायच्या आदला रविवार उजाडला तरी ती जागा रिकामी. शेवटी मेगनने मोबाइलमधल्या त्या उत्तरं देणाऱ्यालाच विचारलं. त्याने झटकन सांगितलं, 'लोखंडी भाचा', १९५८ साली गिरगावातच छापलेली कादंबरी. चाळीत मामाकडे भाचा म्हणून एक यंत्रमानव राहायला येतो, त्याची गोष्ट.

सगळ्यांना नाव भलतंच आवडलं. मॉडने सिडनीला विचारलं, "ऐकलंयस?" सिडनी म्हणाला, "अरे मॅन, लोखंडी भाचा! निळं कव्हर. शाळेत असताना वाचलं."

आता माझी लाज. मीही तिथेच बसले होते. गिरगावात जन्म गेला, आणि गिरगावातलं पुस्तक वाचलं नाही म्हणायचं? जीभ आपोआप वळली. "वाचलंय की," मी म्हटलं, "शेवटी भाचा जातो ना, तेव्हा ढसाढसा रडले होते मी." मॉडने माझ्याकडे बघितलं, आणि सोमवारी सकाळी फळ्यावर चौथं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, न वाचता.

मग ती पुस्तक आणायला निघाली. गिरगावातल्या एका वाचनालयात क्लार्क म्हणाला, "होतं हो, कुणीतरी नेलंय ते परतच आलं नाही." दादरच्या दुकानदाराने सांगितलं, "काकू, गेल्याच महिन्यात शेवटची प्रत गेली." लालबागच्या एका मास्तरांनी तर प्रस्तावना कशी होती तेही सांगितलं. मंगळवार ते शुक्रवार, कुठे तीन, कुठे पाच जिने चढून-उतरून, गुडघ्यांना तेल चोळत मॉड फिरत होती. आणि मी तिला लिंबू सरबत देत होते! तोंडाला काय कुलूप लागलं होतं कोण जाणे.

शनिवारी मेगनने मोबाइलला पुन्हा दरडावून विचारलं, की पुस्तक आहे कुठे? तर तो म्हणतो कसा, "क्षमस्व, असं पुस्तक असल्याची खात्री मला देता येत नाही." बोंबला! मेगन धावत फळा पुसायला निघाली. मॉडने तिचा हात धरला. म्हणाली, "लिहिलं ते मी. काय ते उद्या सगळ्यांसमोर सांगेन."

रविवारी व्हरांडा भरला. बँडने ते यंत्राचं गाणं असं काही वाजवलं की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नाचायला आला. काडेपेट्यांनी दोन इंजिनिअर हरवले. मग मॉड उभी राहिली. फळ्यावरच्या चौथ्या नावाकडे बोट केलं तिने.

"हे पुस्तक नाही," ती म्हणाली. "कधी नव्हतंच. यंत्राला ठाऊक नव्हतं, तरी ते बोललं. आणि मी न वाचता तुम्हाला सांगितलं. यापुढे निवड दुसऱ्या कुणीतरी करा."

सिडनी बुटांकडे बघत होता. बारा वर्षं या बाईने आमच्यासाठी डोळे फोडले, आणि ती आमच्या थापांपायी मान खाली घालून उभी! मी उठलेच. "मॉडचा काही दोष नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. वाचलेलं नाही मी. रडले वगैरे सगळी थाप."

"निळं कव्हर पण थाप," सिडनी पुटपुटला. मागून लालबागचे मास्तर म्हणाले, "प्रस्तावनासुद्धा." मग जो हशा उसळला! कोण कोण काय काय न वाचता वाचलंय म्हणून सांगत आला होता, त्याची कबुलीच सुरू झाली.

मॉड मात्र हसेना. तेव्हा गुणवंती उठली. ती वरळी कोळीवाड्याची, आमच्या वाडीत मासळी विकते आणि चौथा रविवार चुकवत नाही. "मॉडबाय, खाली बस," ती म्हणाली. "चाळीस वरसं मासळी विकतंय मी. एकदा एकीला नासकी सुरमई गेली हातून. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन सांगितलं. आजपन ती माझ्याकडनंच घेते. निवड तूच करायची, दुसऱ्या कुनाचं मी ऐकनार नाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॉड बसली, डोळे पुसले आणि हसली एकदाची.

पांगापांग झाल्यावर खुर्च्या उचलताना मी तिला म्हटलं, "तू तरी कशी गं फसलीस? मोबाइलने सांगितलं म्हणून विश्वास ठेवलास?"

"मोबाइलवर कुठे?" मॉड म्हणाली. "सिडनीवर तर चाळीस वर्षांत ठेवला नाही. तू रडलीस म्हणालीस ना, कौसल्या, म्हणून लिहिलं मी."

खुर्ची हातातच राहिली माझ्या. रडले मग. या खेपेला खरंच.