वीज पडलेल्या माणसाला हात लावा

आमची सिग्नल तुकडी सीमेवरच्या उंच चौकीवर होती. मी हवालदार, सलीम माझ्या हाताखालचा नायक, दोघेही तीर्थपुरीचे. तिथे आम्ही शत्रूइतकंच ढगांवर लक्ष ठेवायचो. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, एवढं सोपं गणित. वायरलेस सेटवर हुकूम यायचा, "ऑल स्टेशन्स, क्लोज डाउन. आउट." अँटेना सोडून बंकर गाठायचा. सुट्टीवरसुद्धा सलीम बोलता बोलता थांबून आभाळ बघायचा.

एका सुट्टीत आम्ही पत्र्याच्या बंद जीपनं जालन्याहून गावी परतत होतो, गाडी मी चालवत होतो. दुपारी आभाळ काळं झालं. सोयाबीन सोंगणाऱ्या बाया चिंचेखाली जमल्या होत्या. सलीम खाली उतरून धावला.

"मावशे, झाडाखालून निघा! जल्दी, गाडीत बसा!"

"वरात काढतो का रे आमची?" त्यांच्यातल्या शांताबाई हसल्या.

"हाव, नवरी तूच. चल!"

झाडावर पडलेली वीज खोडातून उतरते आणि जवळच्या माणसावर झेपावते. पत्र्याच्या बंद गाडीत ती पत्र्यावरूनच जमिनीत जाते. हे समजावायला वेळ नव्हता. त्यानं सगळ्यांना आत कोंबलं. त्याच्यापुरती जागा उरली नाही. त्यानं बाहेरून दार लावलं आणि चिंचेपासून लांब पळाला.

वीज पडली. सलीम कोसळला.

मी गाडीतून उडी मारली. श्वास नव्हता, नाडी नव्हती. शेजारच्या शेतातली माणसं धावत आली आणि लांबच थांबली. एकानं माझी कॉलर धरली.

"हात लावू नको! करंट हाय त्याच्यात!"

"न्हाई करंट! कुणीतरी या!"

वीज क्षणात जमिनीत जाते, अंगात साठून राहत नाही. थांबलेलं हृदय छाती दाबत राहिल्यानं पुन्हा चालू होऊ शकतं. मी दाबत राहिलो. हात भरून आले. तेवढ्यात शांताबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या.

"दाखव मला."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही आळीपाळीनं दाबलं. सलीम परतला नाही.

गाव म्हणालं, नशीब. हा शब्द मला आजही सहन होत नाही. चिंचेखाली उभं राहणं नशीब नव्हे. पडलेल्या माणसाभोवती हात बांधून उभं राहणं तर बिलकुल नव्हे. शाळेत वीज शिकवतात ती बल्बापुरती. शेतातली कोण शिकवणार?

म्हणून पावसाळ्याआधी मी आणि शांताबाई गावोगाव फिरतो. छाती दाबायला शिकवण्यासाठी पोत्यात भुसा भरून माणूस केलाय. त्याला सलीमचा वर्दीचा शर्ट घातलाय, खिशावर नावाची पट्टी तशीच. शर्ट त्याच्या अम्मीनं दिला. त्या पुढेच बसतात. कुणाचा हात कचरला, की उठून म्हणतात,

"लगाव बेटा, हाथ लगाव. इसमें करंट नहीं है."