पाणी न पिणारी पट्टी

बुरूड आळीच्या तोंडाशी बसणाऱ्या सखूबाई हल्ली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या दुरड्या विणतात. दुकानातली खोकी ज्यांनी बांधलेली असतात, त्याच या पिवळ्या-निळ्या पट्ट्या, भंगारवाल्याकडून आणलेल्या. शेजारी पाण्याची बादली असते. सखूबाई पट्टी उचलतात, बादलीत बुचकळतात आणि मगच विणायला घेतात.

बांबूची कांब भिजवल्याशिवाय वाकत नाही, मोडते. पण प्लॅस्टिकला पाणी कशाला? काल न राहवून विचारलंच.

"कोरडं धरलं की मोडंल असं वाटतं," त्या म्हणाल्या.

शेजारी त्यांची सून कोरड्याच पट्ट्या भराभर ओढत होती. ती या घरात आली तेव्हा बांबू येणं बंद झालं होतं. "सांगून थकले," ती म्हणाली. "नुसता चिखल होतो."

या दुरड्यांचं हल्ली फार कौतुक होतं. मीही दोन घेतल्या आहेत. वस्तू बदलली तरी वीण तीच आहे, अशी मी माझी समजूत घालत होतो. मग सून सहज बोलून गेली की, पोरीच्या पाचवीला बांबूचंच सूप लागलं, ते बाजारातून आणलं. बुरडाच्या घरात, बाजारातलं सूप.

सखूबाईंनी पुढची पट्टी बुचकळून वर काढली. तिच्यात थेंबही मुरला नव्हता. सगळं पाणी निथळून बादलीत परत गेलं आणि त्या विणू लागल्या.