अक्काच्या गाण्याला कोणी रडलं नाही

शाळेत मी मुलांना करुण रस शिकवते. दुःखाचं गाणं ऐकून माणसाला बरं कसं वाटतं, असं दर वर्षी एखादी पोरगी विचारतेच. मग मी "भावनांचा निचरा होतो, लिहून घ्या" असं म्हणते आणि फळा पुसायला वळते. निचरा! जशी काही मोरीच तुंबलीय. खरं सांगू का, मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मागच्या महिन्यात देवपुरातून रिक्षाने घरी येत होते, रिक्षावाल्याने कुठलंसं गाणं लावलं होतं, दवाखान्यात पडलेल्या बापाचं. आमचे आबा चांगले धडधाकट आहेत, त्याच सकाळी फोनवर माझ्यावर ओरडले होते. तरी मी पांझरेच्या पुलावर हुंदके देत बसले. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "ताई, बंद करू का?" तर मी त्याच्यावरच खेकसले, "राहू दे ना, बंद कशाला करतोस?" आता याला काय म्हणायचं?

आणि ज्या दिवशी रडायला हवं होतं त्या दिवशी मी दात दाखवत बसले होते. तेच सांगते.

आमचं माहेर चोपड्याजवळच्या एका गावात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दिलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. माझी मोठी बहीण, आमची अक्का, सावद्याला केळीवाल्यांच्या घरात दिलेली. तिथे ती कुणाची काकू, कुणाची मामी आणि सगळ्यांची स्वयंपाकीण. पण आखाजीला माहेरच्या झोक्यावर बसली की ती गावाची गाणारी. तिचं एक ठरलेलं गाणं होतं. ते म्हटल्याशिवाय बाया तिला झोक्यावरून उतरू द्यायच्या नाहीत.

गाणं तसं साधं. सासरी तापाने फणफणलेली एक बहीण, आखाजीला भाऊ न्यायला येईल म्हणून वाट बघते. प्रत्येक कडव्यात भावाची बैलगाडी एक गाव पुढे सरकते, आणि प्रत्येक कडव्यात ही थोडी खचते. आधी दारात उभी, मग उंबऱ्यावर बसलेली, मग अंथरुणावर. मध्येमध्ये भावाची एकच ओळ येते, "यी राह्यनू वं बहीन, यी राह्यनू." येतोय गं बहिणी, येतोय. मागून साथ धरणाऱ्या बाईने म्हणायची ती ओळ, आणि लहानपणापासून ती माझी. शेवटच्या कडव्यात भाऊ पोचतो, बैल सोडतो, आणि ओट्यावर बसलेल्या बाया गुपचूप सरकून त्याला आत जायला वाट देतात. झालं, संपलं गाणं. ती गेली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

बाया रडायच्या बाई! तिसऱ्या कडव्याला, ती अंथरुणाला लागते तिथे, जो पदर डोळ्याला लागायचा तो शेवटपर्यंत. मग नाकं पुसत म्हणायच्या, "आते पोट भरनं वं माय," आणि लगेच उठून आमरसावर तुटून पडायच्या. रडणं हीच अक्काची बिदागी. एखादी नवी सून कोरडी बसलेली दिसली तर अक्का झोका तिच्या बाजूला वळवून तेच कडवं पुन्हा म्हणायची. "कशी रडत नही तेच दखस मी," म्हणायची. आणि ती पोर रडली की अक्काचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका. दुसऱ्याला रडवून एवढा आनंद होणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मागल्या दिवाळीनंतर अक्काच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग जळगावला केमोचे डोस सुरू झाले. केस गेले. जेवण मातीसारखं लागायला लागलं. घसा बसला, तो बसलाच. या सगळ्यात ती एकदाही रडली नाही. उलट भेटायला येणाऱ्यांना चहा करून द्यायला उठायची, आम्ही हात धरून तिला खाली बसवायचो. आखाजी जवळ आली तसा तिने मला फोन केला. म्हणाली, "केस गयात, चव गयी. गानं शे का गयं, तेवढं दखनं शे माले." गाणं उरलंय की गेलं, एवढंच तिला बघायचं होतं. बाकी काही मागितलं नाही तिने.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणाच्या घरी माणूस गेलं की नात्यातल्या बाया 'दारवर' जातात. गल्लीच्या कोपऱ्यावरच पदर तोंडावर घेतात आणि तिथूनच सुरात रडत येतात. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याला काय आवडायचं, काय राहून गेलं, सगळं त्या सुरात असतं. घरातल्या बाया दारात त्यांच्या गळ्यात पडतात. थोड्या वेळाने सगळ्या शांत होतात, पाणी पितात, आणि कुणाच्या मुलीचं जमतंय का यावर येतात. मला लहानपणी हे सगळं नाटक वाटायचं. आता वाटत नाही. पण नाटक नाही तर मग काय आहे, तेही सांगता येत नाही.

तर आखाजीच्या सकाळी, अक्का आंघोळीला गेली तेवढ्यात, आमच्या मायने गल्लीतल्या बायांना मागच्या दारी गोळा केलं. म्हणाली, "पोरगी तेच गानं म्हनी. कोनी रडानं नही. जित्ता मानुसना म्होरे दारवर नही करतस." जिवंत माणसाच्या तोंडावर दारवर करायचं नसतं. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. पटलंच मला. अक्का हाडांची काडी झालेली, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, ती ते तापाचं गाणं म्हणणार आणि आम्ही तिच्याकडे बघून रडणार? अभद्र ते अभद्रच!

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अक्काला झोक्यावर बसवलं. जोर द्यायचा नाही असं ठरलं होतं, नुसतं हलवत राहायचं. तिने सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, खरखरीत झाला होता. वरच्या सुराला जाताना मध्येच तुटायचा, मग ती थांबून श्वास घ्यायची. आणि काय सांगू, ते गाणं मी आयुष्यभर ऐकलंय, पण तसं कधी ऐकलं नव्हतं. आधी ती तापाची बाई गाण्यात असायची. आता ती समोर झोक्यावर होती.

आणि आमची काय अवस्था! शेजारच्या काकूंनी तोंडात सुपारी कोंबली होती आणि त्या ती कडाकडा फोडत होत्या. एक मावशी आभाळाकडे बघत होत्या. एकजण मांडीला चिमटे काढत होती, ते मला दिसत होतं. माय तर आत जाऊन भांडी आपटत बसली. मी माझी ओळ म्हणत होते, "यी राह्यनू वं बहीन," आणि रडू येऊ नये म्हणून हसत होते. ओठ ताणून, फोटोला हसतात तशी. तिसरं कडवं आलं. अक्का एकेकीकडे बघत गेली. नेहमीसारखी. झोका वळवला, तेच कडवं पुन्हा म्हटलं. कुणाच्या डोळ्यात टिपूस नाही.

गाणं संपलं. कुणाला काय करावं सुचेना. मग सुपारीवाल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या! आमच्या आखाजीला आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजवतात तशा टाळ्या. अक्का झोक्यावरून उतरली, माझ्या खांद्यावर हात ठेवून घरात आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मना आवाज गया ना वं?"

मी काय सांगणार? "नाही गं, आम्ही ठरवून रडलो नाही," असं म्हणावं, तर ती विचारणार, का ठरवलं? मग काय उत्तर द्यायचं? तू मरशील अशी भीती वाटते आम्हाला, असं? आणि नाही सांगितलं, तर तिने एकच गोष्ट बघायची ठरवली होती, ते गाणंच गेलं असं अक्का धरून बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हणाले, "छान झालं गं गाणं." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणी आणायला गेले.

दुसऱ्या सकाळी जळगावला डोसला जायचं होतं. अक्का अंथरुणावरून उठेना. "आते कसाले जानं? काय राह्यनं?" एवढंच बोलत होती. मायने गळ्याची शपथ घातली, आबा ओरडले, शेवटी एकदाची गाडीत बसली. आमचा धाकटा भाऊ गाडी चालवत होता, शेजारी अक्का, मागे मी. अडावद गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या.

मग भावाने तोंड उघडलं. "अक्का, काल तुझं गाणं ऐकायचंच राहिलं. देवळाजवळ आमचे पत्ते रंगले होते. म्हण ना आता."

मायने सगळ्या बायांना बजावलं होतं, पण पुरुषांना कोण सांगतंय? ते काय झोक्याजवळ येतात थोडेच? त्याला काहीच माहीत नव्हतं. मी आरशात डोळे मोठे केले, मान हलवली. शहाणा मलाच विचारतो, "काय झालं गं? उलटी येतेय का?"

"मना आवाज गया," अक्का म्हणाली.

"गेला तर गेला. म्हण. मला झोप येतेय, गाडी घालीन कुठेतरी."

अक्काने खिडकीची काच वर केली. मग, कदाचित गाडीच्या काळजीने असेल, तिने गुणगुणायला सुरुवात केली. हळूच, ओठांतल्या ओठांत. पहिल्या कडव्याला मी माझी ओळ म्हटली. दुसऱ्याला कशीबशी म्हटली. तिसऱ्या कडव्याला ती गाण्यातली बाई अंथरुणाला लागली. मी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. अक्का थांबली. ओळीची वाट बघत थांबली.

आणि भावाने ती ओळ धरली. त्याला सूर म्हणजे काय ते माहीत नाही. आरतीतसुद्धा आम्ही त्याला नुसती टाळी वाजवायला सांगतो. "यी राह्यनू वं बहीन," फाटक्या आवाजात ओरडला तो, रस्त्यावरची नजर न काढता, "यी राह्यनू..." आणि दुसऱ्या 'राह्यनू'ला त्याचा आवाज चिरकला. गाडी हळू झाली, रस्त्याच्या कडेला गेली, थांबली. त्याने डोकं स्टेअरिंगवर टेकवलं आणि ढसाढसा रडायला लागला. डोकं हॉर्नवर पडलं होतं, हॉर्न वाजतोय तर वाजतोय. मागून ट्रकवाला शिव्या देऊन पुढे गेला.

अक्काने त्याचं डोकं उचलून हॉर्नवरून बाजूला केलं. मग म्हणाली, "खरं सांग भाऊ. तू गानाले रडना का माले?"

गाण्याला रडलास की मला? त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. काय बरोबर हे मलाच माहीत नव्हतं, आजही नाही. एवढा मोठा बाप्या, नाक पुसत म्हणाला, "गानाले, अक्का."

"कोन्ता कडवाले?"

"तिसऱ्या."

"हां," अक्का म्हणाली. "तठेच बठ्ठा रडतस." तिथेच सगळे रडतात. आणि तिचा चेहरा खुलला. कोरड्या सुनेला रडवल्यावर खुलायचा तस्सा. तिने रुमाल नीट केला, पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "चाल आते. डोस चुकी जाई."

तो खोटं बोलला हे तिला कळलं असेल का? कळलं असेल तर ती खूश कशी झाली? आणि तो खरंच गाण्याला रडला असेल तर? त्यालाही विचारलं मी नंतर. म्हणाला, "मला काय माहीत? रडू आलं." शाळेत कुणी असं उत्तर लिहिलं तर मी मार्क देणार नाही, पण याहून बरं उत्तर माझ्याकडेही नाही.

गाडी सुरू झाली. विदगावचा पूल लागला, खाली तापीचं थोडंसं पाणी चमकत होतं. मागच्या सीटवर मी आता तोंडात पदर कोंबून रडत होते. आता कुणी बघत नाही, असं मला वाटत होतं. अक्काने मान वळवली नाही. समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "आनि तू काल कोठे व्हती वं?"